निस्तार कोणत्या दप्तरात?

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सन्माननीय सदस्य,
विधानभवन, नागपूर

सन्माननीय सदस्यहो,

एकाच प्रदेशात, एकाच जमिनीविषयी, वेगवेगळ्या उगमांचे कायदे जेव्हा एकाच वेळी अमलात असतात, तेव्हा त्या स्थितीला विधिशास्त्रात विधिबहुलता म्हणतात. ही स्थिती आफ्रिकेतील किंवा प्रशांत महासागरातील देशांचीच आहे असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ती दीडशे वर्षांहून अधिक काळ नांदत आली आहे. येथील गावाच्या शिवारात मालगुजारीच्या काळातील वहिवाट, महसुलाचा कायदा, वनांचा कायदा, आदिवासींच्या रूढी, धर्मनिहाय वारसा कायदे आणि २००६ चा वनहक्क कायदा हे सर्व एकाच बांधावर येऊन भेटतात. कायदे अनेक असण्यात मुळात वावगे काही नाही, कारण ते अनेक प्रकारच्या जीवनपद्धतींतून आलेले आहेत. वावगे हे आहे की, या प्रत्येक कायद्याचे दप्तर वेगळे, अधिकारी वेगळा आणि अपिलाची पायरी वेगळी असून एका दप्तरातील नोंदीची दुसऱ्या दप्तराला खबर नसते. जमिनीचा वाद सुनावणीच्या दिवशी हरला जात नाही; तो बहुधा कित्येक वर्षे आधी, कोणीतरी कोणत्या तरी रकान्यात काहीतरी लिहिले किंवा लिहायचे राहिले, त्या दिवशीच हरलेला असतो. प्रस्तुत पत्र एखाद्या मंत्र्याला न लिहिता विधिमंडळाला लिहिले आहे त्याचे कारणही हेच, की महसूल, वन, आदिवासी विकास आणि विधी व न्याय ही चारही खाती आपापल्या तुकड्यापुरते उत्तर देऊ शकतात आणि तेवढ्यापुरते ते उत्तर बरोबरही असते. चारही तुकडे एकत्र मांडून पाहण्याचा अधिकार एकट्या विधिमंडळाकडे आहे.

हा गुंता समजण्यासाठी इतिहासाकडे पाहावे लागते. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. त्यानंतरच्या बंदोबस्तात, म्हणजे सारा ठरविण्यासाठी झालेल्या मोजणीत व आकारणीत, इंग्रज सरकारने गावाचा वसूल जमा करून देणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक ठरविले आणि त्याबरोबर पडीक जमीन, गावालगतचे जंगल, तलाव व आबादी यांवरही त्याची मालकी लिहिली गेली. शेजारच्या वऱ्हाडात, म्हणजे निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांकडे आलेल्या मुलखात, मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी होती आणि तेथे शेतकरी सरकारला थेट सारा भरत असे. म्हणजे आज ज्याला सरसकट विदर्भ म्हटले जाते, त्याच्याच पोटात जमीनधारणेच्या दोन पद्धती होत्या. मालगुजारी गावातील रयतेला मालकी नसली, तरी चराई, सरपण, बांधकामाचे लाकूड, मुरूम, माती, ढोरांचे पाणी यांसाठी गावाच्या पडीत व जंगलात जाण्याचा हक्क होता आणि त्यालाच निस्तार म्हणत. निस्तार हा कोणा एकाच्या नावावरचा हक्क नव्हता; गावात राहणे हाच त्याचा आधार होता.

जुन्या मध्य प्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हे मालकी हक्क शासनाकडे आले. मालक बदलला, परंतु रयतेचा निस्तार कोणत्या वहीत लिहायचा हा प्रश्न मागे राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अमलात आली. या संहितेत विदर्भाचा वारसा म्हणून दोन दस्तऐवज टिकवून ठेवले गेले: कलम १६१ चे निस्तार पत्रक, म्हणजे गावातील भोगवट्याखाली नसलेल्या सर्व जमिनीच्या व्यवस्थेची गावकऱ्यांचे मत विचारून जिल्हाधिकाऱ्याने तयार करावयाची योजना, आणि कलम १६५ चा वाजिब-उल-अर्ज, म्हणजे सिंचन, जाण्यायेण्याची वाट आणि मासेमारी यांविषयीच्या गावच्या रूढींची नोंद. हे दोन्ही दस्तऐवज म्हणजे रूढीला राज्याच्या कायद्यात अधिकृत जागा देण्याचा फार पूर्वीच सापडलेला मार्ग होता. परदेशातील न्यायसुधारणांचे प्रकल्प ज्या साधनाच्या शोधात वर्षानुवर्षे खर्ची पडतात, ते साधन पटवाऱ्याच्या कपाटात होते. त्याकडे लक्ष देण्याची गरज मात्र फारशी कोणाला वाटली नाही.

या दुर्लक्षाची सर्वांत मोठी किंमत झुडपी जंगलाच्या प्रकरणात दिसते. मालगुजारी गावांतील झुडुपे वाढलेल्या, नांगराखाली नसलेल्या, गुरे चारण्याच्या जमिनी जुन्या महसुली कागदांत झुडपी जंगल या नावाने लिहिल्या गेल्या. तेथे दाट वन नव्हते. गावाच्या गरजेची ती राखीव पडीत होती आणि पुढे तिच्यावर वस्त्या, शाळा, सरकारी कचेऱ्या, स्मशाने उभी राहिली. २५ ऑक्टोबर १९८० पासून वन संवर्धन कायदा लागू झाल्यावर वनजमिनीचा वनेतर वापर केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येईना, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात असे ठरविले की, मालकी कोणाचीही असो, शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेले कोणतेही क्षेत्र या कायद्यासाठी वनच समजावे. ज्या कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी एका रकान्यात जंगल असे लिहिले होते, त्याच्या लेखणीला त्या दिवसापासून संपूर्ण देशाच्या वनधोरणाचे वजन प्राप्त झाले. २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने नागपूर विभागातील सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमिनीच्या प्रश्नावर निकाल देताना झुडपी जंगल हे वनच असल्याचे स्पष्ट केले; मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनी वनाच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची किंवा निव्वळ वर्तमान मूल्याच्या भरपाईची अट घालू नये, असा दिलासाही दिला. त्या तारखेनंतर झालेल्या वाटपांबाबत वाटप का व कोणी केले याचा जाब अधिकाऱ्यांना द्यावा लागणार आहे.

निकालानंतरची चर्चा बहुतेक घरे आणि कचेऱ्या यांच्यापुरतीच झाली आणि ती समजण्यासारखी आहे, कारण डोक्यावरचे छप्पर टिकणार की नाही हा प्रश्न सर्वांत आधी येतो. परंतु या निकालाची दुसरी बाजू अद्याप पुरेशी मांडली गेलेली नाही. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याने वनजमिनीची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली असून तीत अवर्गीकृत, सीमांकन न झालेली आणि वन मानली गेलेली जमीनही येते. आणि त्याच कायद्याच्या कलम ३(१)(ख) मध्ये ज्या सामूहिक हक्कांची नावे आहेत, त्यांत निस्तार हा शब्द जसाच्या तसा आहे, तोही संस्थाने, जमीनदारी आणि तत्सम मध्यस्थ राजवटींतील निस्तारासह. म्हणजे झुडपी जमीन वन ठरली असेल, तर तीवरील मालगुजारी काळापासूनचा निस्तार हा वनहक्क म्हणून मागता येतो, आणि ही मागणी केवळ आदिवासी गावांनाच नव्हे, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे कायद्याच्या हिशेबाने पंच्याहत्तर वर्षे, वनात राहणाऱ्या आणि त्यावर उपजीविका करणाऱ्या अन्य समाजांच्या गावांनाही करता येते. वनहक्क कायदा म्हणजे गडचिरोलीचा विषय, नागपूर–भंडाऱ्याच्या मैदानी गावांना त्याच्याशी काय देणेघेणे, असे मानण्याची प्रशासनातील सवय या निकालाने निराधार ठरते. ज्या निकालाने गावची पडीत गावच्या हातून गेली असे वाटते, त्याच निकालाने ती पडीत सामूहिक हक्काखाली परत मागण्याचा दरवाजाही उघडला आहे. फक्त त्या दरवाजावरची पाटी वेगळ्या खात्याची आहे.

तलावांची कथा याहून सूक्ष्म आहे. पूर्व विदर्भातील हजारो माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक आणि आता सरकारी कागदही मामा तलाव म्हणतात, ते मालगुजारांच्या काळात बांधले गेले, त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कसब होते, पाण्याच्या पाळ्या गाव ठरवीत असे आणि मासेमारी ढीवर समाजाकडे असे. या सर्व रूढी लिहिण्याची जागा म्हणजे वाजिब-उल-अर्ज. परंतु आजच्या संहितेतील कलम १६५ नुसार ही नोंद अशाच जमिनीबाबत व पाण्याबाबत करावयाची आहे, जी राज्य शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीची, नियंत्रणाची वा व्यवस्थेची नाही. तलाव १९५१ मध्येच शासनाकडे आले. म्हणजे मालक मालगुजार असताना जी रूढी सरकारी वहीत लिहिली जात होती, ती मालक सरकार झाल्याबरोबर त्या वहीत बसेनाशी झाली. लोकशाही राज्यात मालकाविरुद्ध रयतेच्या रूढीचे संरक्षण करावयाचे आणि मालक स्वतः राज्य असेल तेव्हा मात्र ते टाळावयाचे, हा भेद कोणत्याही तत्त्वाने समर्थनीय ठरत नाही. त्याला कोणाचा कट कारणीभूत असल्याचे दिसत नाही. बहुधा जुन्या मजकुराची नक्कल करताना मालक बदलल्याचे कोणाच्या ध्यानात आले नसावे. एका वाक्याच्या दुरुस्तीने हे बदलता येईल आणि ती दुरुस्ती करण्याचा अधिकार दिल्लीकडे नाही, याच सभागृहांकडे आहे.

नोंदी विखुरलेल्या असल्या की वादही विखुरतात. एखाद्या गावातील एकाच गट क्रमांकाविषयीच्या तक्रारीचा प्रवास पाहिला तर हे ध्यानात येते. फेरफाराचा वाद, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद कोणाच्या नावे व्हावी याचा वाद, मंडळ अधिकारी व तहसीलदारांकडे सुरू होऊन उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि प्रसंगी खुद्द मंत्र्यांपर्यंत जातो. आणि इतके सर्व झाल्यावर दिवाणी न्यायालय सांगते की, महसुली नोंद ही साऱ्यासाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही. वाटणीच्या दाव्यात कोणाचा हिस्सा किती हे दिवाणी न्यायालय ठरविते, परंतु सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रकरण पुन्हा जिल्हाधिकाऱ्याकडे येते आणि मोजणीच्या रांगेत उभे राहते. जमीन आदिवासीची असून बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर १९७४ च्या जमीन प्रत्यार्पण कायद्याखाली किंवा संहितेच्या कलम ३६ व ३६-अ खाली चौकशी होऊन अपील महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणापुढे जाते. तीच जमीन वनजमीन असल्याचे निघाले, तर ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती आणि अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांच्या १८ मे २०२० च्या अधिसूचनेमुळे विभागीय समिती अशी चौथीच साखळी सुरू होते. आणि दरम्यान वनरक्षकाने १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा नोंदविला असेल, तर त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे वेगळी हजेरी. शेवटी या सर्व वाटा नागपूर खंडपीठाच्या रिट याचिकांच्या बोर्डावर एकत्र येतात. ज्याच्याकडे वकील, वेळ आणि गाडीभाडे आहे, त्याच्यासाठी ही व्यवस्था म्हणजे पर्यायांची श्रीमंती आहे. एका ठिकाणी हरल्यास तो दुसरे दार वाजवितो. कोरची किंवा भामरागडहून जिल्ह्याच्या गावी येण्यात ज्याची मजुरी बुडते, त्याच्यासाठी तीच व्यवस्था दरवेळी नव्याने सुरू होणारी शिक्षा ठरते.

दोन कायदे एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा काय होते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे आहे. सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या या गावाला, कार्यकर्ते देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या दीर्घ परिश्रमांनंतर, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि तो देशातील अगदी पहिल्या हक्कांपैकी एक होता. परंतु हक्क हाती आल्यावरही गावाला आपला बांबू विकता येईना, कारण १९२७ च्या कायद्यात बांबू हे झाड होते, २००६ च्या कायद्यात तेच गौण वनोपज होते आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक पहिल्या कायद्याच्या अधिकाऱ्याकडे होते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्याला येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले, तेव्हा कोंडी फुटली. एका गावाच्या बांबूसाठी केंद्रीय मंत्र्याला गडचिरोलीच्या जंगलात यावे लागते, ही गोष्ट त्या मंत्र्याच्या गौरवाची असेल. व्यवस्थेच्या गौरवाची नक्कीच नाही. याच गावाने २०१३ मध्ये महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली खासगी शेतजमीनही ग्रामसभेकडे सोपविण्याचे ठरविले, म्हणजे गोंडी रूढी, वनहक्क आणि विनोबांच्या चळवळीतून आलेला कायदा अशा तीन विधिपरंपरा एका लहानशा गावाने एकत्र नांदवून दाखविल्या. गावाला जमते ते जिल्हा कार्यालयाला जमत नाही, याचे कारण बुद्धी नसून रचना आहे.

रचना बदलण्याचा आदेश मात्र नियमांतच आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्क नियमांतील नियम १२-अ(९) असे सांगतो की, हक्क मान्य झाल्यावर महसूल व वन या दोन्ही खात्यांनी अंतिम नकाशा तयार करावा आणि ते हक्क दोन्ही अभिलेखांत, अभिलेख अद्ययावत करण्याच्या ठरलेल्या कालावधीत किंवा तीन महिन्यांत, जे आधी असेल तेव्हा, नोंदवावेत. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्कांची पत्रे मिळाली असताना, ती पत्रे लोखंडी पेटीत आणि अभिलेख जुनाच, अशी स्थिती राहिली तर पुढच्या पिढीतील एखाद्या खाणपट्ट्याच्या किंवा रस्त्याच्या प्रस्तावात ती जमीन पुन्हा मोकळी वनजमीन म्हणून दिसणे अटळ आहे. गाव नमुना १-अ, म्हणजे गावातील वनजमिनींची नोंदवही, आणि सातबाऱ्यातील इतर अधिकार हा रकाना या दोन्ही जागा उपलब्ध आहेत. नवी यंत्रणा उभारण्याचा हा प्रश्न नाही.

विधिबहुलतेचा दुसरा, अधिक अवघड पदर स्त्रियांच्या हिश्शाचा आहे. एकाच गावातील कुणबी कुटुंबातील मुलीला हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने भावाइतका हिस्सा मिळतो, तर शेजारच्या गोंड कुटुंबातील मुलीला तो कायदा लागूच नाही, कारण त्याच्या कलम २(२) ने केंद्राने अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना वगळले आहे आणि तिथे रूढी चालते. परंतु रूढी कोणती, हे सिद्ध कोणी करायचे? १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात या प्रश्नाची दिशाच बदलली. स्त्रियांना हिस्सा देणारी रूढी दाखवा, असे खालच्या न्यायालयांनी वारसांना सांगितले होते; सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर त्यांना समान हिस्सा नाकारता येणार नाही. या निकालात मध्य प्रांत कायदे अधिनियम, १८७५ याचाही आधार घेतला गेला, ज्याच्या कलम ६ ने स्पष्ट नियम नसेल तेथे न्याय, समता व सदसद्विवेक यांनुसार निर्णय करावा असे सांगितले होते. तो कायदा २०१८ मध्ये रद्द झाला असला तरी आधी निर्माण झालेले हक्क त्याने पुसले जात नाहीत. जो कायदा नागपूर राजधानी असताना या प्रांतासाठी केला गेला, तो रद्द झाल्यावर एका गोंड स्त्रीच्या वारसांच्या कामी यावा, हा योगायोग विधिज्ञांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणात हेही स्पष्ट केले की, न्यायालय आपल्या आदेशाने आदिवासींना हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू करू शकत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ असा निघतो की, रूढी राहील, पण रूढीचे नाव घेऊन स्त्रीला वगळणाऱ्यावर पुराव्याचा भार राहील. फेरफार प्रमाणित करणाऱ्या महसूल अधिकाऱ्यांपर्यंत हे तत्त्व लेखी परिपत्रकाने पोहोचविणे आवश्यक आहे, कारण वारसनोंदीच्या टप्प्यावर मुलीचे नाव वगळले गेले की पुढची तीस वर्षे दाव्यात जातात. अर्थात, कायदा मिळाला म्हणजे जमीन मिळाली असेही नाही. कुणब्याची लेक असो वा गोंडाची, माहेरच्या सातबाऱ्याची गोष्ट बहुतेक वेळा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोड पत्रावरील सहीने संपते.

या सर्व गुंत्यावर एकच भूमिकायदा आणि एकच भूमिन्यायालय हा उपाय वारंवार सुचविला जातो. त्याचे आकर्षण समजू शकते, पण अनुभव सावध करणारा आहे. न्यूझीलंडमध्ये १८६५ मध्ये स्थापन झालेल्या नेटिव्ह लँड कोर्टाने माओरी समूहांच्या सामाईक जमिनींचे व्यक्तिगत मालकीच्या हक्कपत्रांत रूपांतर केले. कागद स्वच्छ झाले आणि त्याच स्वच्छ कागदांच्या आधारे जमिनी झपाट्याने विकल्या गेल्या. याउलट मोझांबिकच्या १९९७ च्या भूमिकायद्याने रूढीनुसार असलेल्या वहिवाटीला कागद नसतानाही मान्यता दिली आणि शेजारच्यांची तोंडी साक्ष हा ग्राह्य पुरावा ठरविला. केनियाच्या २०१० च्या संविधानाने सामुदायिक जमीन हा मालकीचा स्वतंत्र प्रकार मानला, पारंपरिक पद्धतीने वाद मिटविण्यास प्रोत्साहन दिले, पण त्या पद्धतींनी मूलभूत हक्कांचा भंग करू नये अशी मर्यादाही त्याच कलमात घातली. ही मर्यादा महाराष्ट्रालाही परकी नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेची वाद मिटविण्याची रूढ पद्धत मान्य केली आहे आणि सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा करून याच विधिमंडळाने जातपंचायतींच्या जाचाला गुन्हा ठरविले आहे. ग्रामसभा सर्वांची, स्त्रियांसह, उघड्यावर बसणारी असते आणि जातपंचायत काही पुरुषांची; रूढीच्या नावाने दोघींना एका पंक्तीला बसविणे ही रूढीच्या समर्थकांची आणि विरोधकांची समान चूक आहे.

नागपूर शहराची अवस्था वेगळी नाही. नझुलाचे भाडेपट्टे, नगर भूमापनाची आखीव पत्रिका, सुधार प्रन्यासाचे आर. एल. पत्र, गुंठेवारीचे प्रमाणपत्र आणि मूळ सातबारा यांपैकी कोणता कागद अखेरचा, हे मध्यमवर्गीय भूखंडधारकालाही सांगता येत नाही. त्याचा तपशील स्वतंत्र पत्राचा विषय आहे. येथे त्याचा उल्लेख एवढ्यासाठी की, हा प्रश्न दूरच्या जंगलातील लोकांचा आहे असे मानून सभागृहाला त्यातून सुटता येऊ नये.

म्हणून विधिमंडळाकडे मागणे मोजके आहे. कलम १६५ मधून शासकीय मालकीचे तलाव व जमिनी वगळणारे शब्द काढून टाकावेत आणि मामा तलावांवरील सिंचन, मासेमारी व वाटेच्या रूढी ग्रामसभेपुढे वाचून नोंदविल्या जाव्यात. निस्तार पत्रकात बदल सुचविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीबरोबर प्रत्येक गावाच्या ग्रामसभेलाही मिळावा, कारण गट ग्रामपंचायतीत लहान गावाचा आवाज मोठ्या गावाच्या बहुमताखाली दबतो. झुडपी जमिनीतून काय वगळावे याचे प्रस्ताव केंद्राकडे जाण्यापूर्वी आणि उर्वरित जमिनीचा वनखात्याशी हिशेब होण्यापूर्वी, त्या त्या गावाला निस्ताराचा सामूहिक दावा करण्याची लेखी सूचना व पुरेशी मुदत द्यावी. दावा निकालात निघेपर्यंत कोणाला हलवू नये असे वनहक्क कायद्याचे कलम ४(५) सांगतेच. आणि एका गट क्रमांकावर एकाहून अधिक कायद्यांखाली वाद प्रलंबित असतील, तर तहसीलदार, वनपरिक्षेत्र अधिकारी व भूमी अभिलेखाचा अधिकारी यांनी गावात येऊन एकाच दिवशी एकत्र सुनावणी घ्यावी, वृद्धांचे जबाब तेथेच लिहून घ्यावेत आणि निष्कर्षाची एकच प्रत सर्व दप्तरांत लावावी, अशी तरतूद नियमांत व्हावी. निर्णय प्रत्येकाने आपल्या कायद्यानुसार द्यावा. निदान वस्तुस्थिती तरी तिघांची एक असावी.

यांपैकी विधेयके कदाचित एका अधिवेशनात होणार नाहीत. परंतु एक काम होऊ शकते. नागपूर करारामुळे दरवर्षी या शहरात सभागृहे भरतात, आणि करारामागची अपेक्षा विदर्भाचे प्रश्न विदर्भात बसून ऐकले जावेत हीच होती. तेव्हा सन्माननीय सदस्यांपैकी कोणीही, कोणत्याही पक्षाच्या बाकावरून, एवढा तारांकित प्रश्न विचारावा: नियम १२-अ(९) प्रमाणे आजवर मान्य झालेल्या सामूहिक वनहक्कांपैकी किती हक्क महसूल आणि वन या दोन्ही अभिलेखांत प्रत्यक्ष नोंदले गेले, त्याची गावनिहाय यादी महसूल व वन विभाग सभागृहाच्या पटलावर ठेवणार काय, आणि ठेवणार असल्यास कोणत्या तारखेस?